‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ : गोकुलममधील परदेशी शेजारी

म्हैसूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दसऱ्याची जंबो सवारी, दिव्यांनी उजळलेला राजवाडा, चंदनाचा साबण आणि तुपात निथळणारा म्हैसूरपाक उभा राहतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘मैसूरु’ झाले. जुन्या ओळखी मात्र तशाच राहिल्या. याच शहरातील गोकुलम ही एक शांत, झाडीची वसाहत. येथे भल्या पहाटे काखेत योगाची चटई घेऊन झपझप चालणारे जर्मन, जपानी, अमेरिकन, ब्राझिलियन चेहरे दिसतात. हे दोन दिवसांचे पर्यटक नव्हेत. कोणी महिनाभर, कोणी पाच-सहा महिने येथे घर भाड्याने घेऊन राहतो, भाजी आणतो, गॅस संपला की शेजारी विचारतो आणि कधीतरी बँकेची पायरीही चढतो.

या वर्दळीचे मूळ राजाश्रयात आहे. १९३३ च्या सुमारास कृष्णराज वडेयर (चौथे) यांच्या आश्रयाने टी. कृष्णम्माचार्य यांनी जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालविण्यास आरंभ केला. त्यांचे एक शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले आणि पुणेकरच झाले. दुसरे शिष्य के. पट्टाभि जोइस म्हैसुरातच राहिले. त्यांनी १९४८ मध्ये लक्ष्मीपुरम भागात आपली संस्था स्थापली. १९६४ मध्ये आंद्रे व्हान लिझबेथ हे बेल्जियन गृहस्थ त्यांच्याकडे शिकण्यास आले आणि पुढे पाश्चात्त्यांचा ओघ वाढत गेला. २००२ मध्ये शाळा गोकुलमला प्रशस्त जागेत आली. पट्टाभि जोइस २००९ मध्ये निवर्तले. त्यांचा वारसा चालविणारे नातू शरत जोइस यांचेही नोव्हेंबर २०२४ मध्ये निधन झाले. दरम्यान या परिसरात योग शिकविणारे इतरही अनेकजण उभे राहिले आहेत.

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ब्राझीलमधील रिओ येथे परदेशस्थ महिलांच्या मंडळापुढे व्याख्यान देताना परमुलखात रुळण्याच्या अवस्था सांगितल्या होत्या. आरंभी सारेच मोहक वाटते, मग सारेच खुपू लागते, आणि नंतर हळूहळू मन सावरते. गोकुलममध्ये हे चक्र नजरेसमोर फिरताना दिसते. पहिल्या आठवड्यात देवराज मार्केटमधील फुलांचे ढीग आणि कुंकवाच्या राशी यांची छायाचित्रे काढणारा पाहुणा तिसऱ्या आठवड्यात भटक्या कुत्र्यांना, हॉर्नला आणि अवेळी जाणाऱ्या विजेला वैतागलेला असतो.

माझे निरीक्षण असे की, पाणी, तिखट, डास यांच्याशी माणूस लवकर तह करतो. खरी अडचण ‘होय’ आणि ‘नाही’ यांची होते. ‘नाळे बन्नि’, म्हणजे ‘उद्या या’, हे प्लंबरचे शब्द तो शब्दशः घेतो आणि दुसऱ्या दिवशी दारात वाट पाहत बसतो. घरमालकीण रोज सकाळी ‘तिंडी आय्ता?’ म्हणून विचारते. न्याहरी झाली का, हा प्रश्न त्याला आमंत्रण वाटतो, कधी खासगी बाबीत नाक खुपसणे वाटते. आपल्या ‘जेवण झालं का?’प्रमाणेच ही निव्वळ आपुलकीची विचारपूस आहे, हे उमगण्यास काही आठवडे जातात. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य येते : ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, जरा जमवून घ्या! बसमध्ये, रांगेत, भाड्याच्या बोलणीत, सर्वत्र. महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या आम्हा मंडळींनाही हे वाक्य पहिल्या आठवड्यातच शिकावे लागते.

याहून जड जाते ते ओळख नसणे. मायदेशी ज्याची पत उत्तम, तो येथे कागदोपत्री कोणीच नसतो. (आपली मुले अमेरिकेस गेली की पतइतिहास नाही म्हणून त्यांना क्रेडिट कार्ड मिळत नाही, ती हीच गत.) घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत सरकारी पोर्टलवर कळवावी लागते, जुन्या बोलीत यालाच ‘सी फॉर्म’ म्हणत. काही मालक हे टाळतात आणि भाडेकराराचा कागदही करीत नाहीत. त्याचा फटका पुढे पाहुण्यालाच बसतो. म्हणून घर घेतानाच लेखी करार मागावा, असे मी आवर्जून सांगतो.

पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी नागरिकास सहा महिन्यांपर्यंतच्या वास्तव्यासाठी अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ खाते उघडता येते. त्यात परदेशातून बँकेमार्फत आलेली रक्कम किंवा त्याने सोबत आणलेल्या परकीय चलनाचे रुपये जमा होतात. व्याजाखेरीज कोणतीही स्थानिक रक्कम जमा झालेली नसेल, तर परत जाताना शिल्लक परकीय चलनात नेता येते. पासपोर्ट व व्हिसा लागतोच. पत्त्यासाठी मायदेशाच्या सरकारी खात्याचा दस्तऐवज किंवा भारतातील वकिलातीचे पत्र चालते. काही देशांच्या नागरिकांसाठी नियम वेगळे आहेत. नोकरीसाठी आलेल्यांची गोष्ट निराळी : ते निवासी खाते उघडू शकतात आणि देश सोडताना येणे रकमांसाठी ते एनआरओमध्ये बदलता येते. पासपोर्टवरील नावाचा क्रम आणि अर्जावरील क्रम यांत फरक पडला की काम अडते; सहकाऱ्यांनी तो सुरुवातीलाच तपासावा.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या तेव्हा परदेशी नागरिकांना आठवड्याला ५,००० रुपयांपर्यंतच परकीय चलन बदलून मिळत होते. घरभाडे रोखीने देणाऱ्यांची तेव्हा मोठी कोंडी झाली. ज्यांची वाण्याकडे, नारळवाल्याकडे ओळख झाली होती, त्यांचे उधारीवर निभावले. जे आपल्याच देशबांधवांच्या कॅफेत रमले होते, त्यांना ती सवलत कोठून मिळणार? २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने परदेशी प्रवाशांसाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ हे पाकीट आले. तेव्हापासून रोख रकमेची नड कमी झाली, ओळखीची मात्र नाही.

ते मार्च २०२० मध्ये दिसले. आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, टाळेबंदी आली आणि परतीचे तिकीट हाती असलेले लोक भाड्याच्या खोलीत अडकले. सरकारने व्हिसाची मुदत वाढविली. पण औषध कोठे मिळेल, भाजीची गाडी किती वाजता येते, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

गोकुलमची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. परदेशी भाडेकरू अधिक भाडे देतो, त्यामुळे मालक त्यालाच पसंती देतात आणि स्थानिक कुटुंबास त्याच गल्लीत घर परवडत नाही. याच जिल्ह्यात, पश्चिमेस बैलकुप्पे येथे १९६० च्या दशकाच्या आरंभापासून तिबेटी निर्वासित वसलेले आहेत. जंगल साफ करून त्यांनी शेती केली, मठ उभारले. त्यांच्याजवळ परतीचे तिकीट नव्हते. गोकुलमचा पाहुणा कंटाळला तर उद्या निघू शकतो, हा फरक विसरता येत नाही.

हंगाम संपला की आमच्याकडे खाती बंद करणाऱ्यांची रांग लागते. शिल्लक डॉलर किंवा युरोत हवी असते, अर्ज भरले जातात. पुढील वर्षी हाच खाते क्रमांक मिळेल का, असे काहीजण विचारतात. तो मिळत नाही. कागदपत्रे पुन्हा नव्याने द्यावी लागतात. ती घेऊन ते येतात, आणि आम्ही काही विचारण्यापूर्वीच कन्नडमध्ये विचारतात, ‘तिंडी आय्ता?’