संगणक खात्रीचे सॉफ्टवेअर अडवतो तेव्हा



दूध संकलन केंद्र, हरितगृह, ठिबकमधून खत देणारी यंत्रणा, हवामान केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब अशा अनेक कामांत आता संगणक वापरला जातो. त्यासाठीचे सॉफ्टवेअर पुष्कळदा जवळच्या शहरातील लहान व्यावसायिकाकडून घेतलेले असते. एखाद्या सकाळी संगणक तेच सॉफ्टवेअर उघडू देत नाही. बाहेर दूध घेऊन लोक रांगेत उभे असतात आणि कोणीतरी सुचवतो, ‘संगणकाची सुरक्षाच बंद करून टाका.’ असे कदापि करू नये. राखणदाराने आपल्याच पाहुण्याला अडवले, तर आपण राखणदार काढून टाकत नाही. पाहुण्याची ओळख करून देतो. संगणकाच्या बाबतीतही हेच करावयाचे आहे.

संगणक का अडवतो?

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. त्याचप्रमाणे सॉफ्टवेअरवर तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते. सही नसलेले आणि फार थोड्या लोकांनी वापरलेले सॉफ्टवेअर विंडोजला अनोळखी वाटते. टॅग नसलेले घरचे बियाणे वाईटच असते असे नाही, पण ते कोणी दिले हे पाहूनच आपण पेरतो. सही नसल्यास प्रत्येक नवी आवृत्ती विंडोजच्या दृष्टीने पुन्हा अनोळखी ठरते. म्हणून जुनी आवृत्ती विनातक्रार चालत असताना नवी अडते.

आधी खात्री करावी

1. सॉफ्टवेअर मूळ विक्रेत्याकडूनच घ्यावे. मोबाइलवर फिरत आलेली किंवा फुकटची ‘क्रॅक’ केलेली प्रत वापरू नये.
2. विक्रेत्याला फोन करून फाइलचे नाव व आवृत्ती पडताळावी.
3. फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान आहे का व सही कोणाची आहे ते पाहावे.
4. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाइल अनेक विषाणूरोधकांकडून एकाच वेळी तपासता येते. तेथे फक्त सॉफ्टवेअरची फाइल द्यावी; सभासदांची माहिती असलेल्या फाइली देऊ नयेत.

ओळखीचे नाव एवढ्यावरच विसंबू नये. 2017 साली सीक्लीनर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या मूळ प्रतीतच घातक भाग घुसवण्यात आला होता आणि तिच्यावरील सहीही अस्सल होती. त्यामुळे विषाणूरोधकाने ‘ट्रोजन’ असे नाव घेतल्यास विक्रेत्याकडून खुलासा येईपर्यंत थांबावे. तोवर नोंदी वहीत कराव्यात.

कोणी अडवले ते ओळखून उपाय करावा

निळी चौकट : ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ असा संदेश आल्यास स्मार्टस्क्रीनने अडवले असे समजावे. ही सोय 2012 साली विंडोज 8 पासून विंडोजमध्येच आली. या संदेशाचा अर्थ विषाणू सापडला असा नसून ओळख पटली नाही असा आहे. खात्री झाली असल्यास ‘मोअर इन्फो’ व नंतर ‘रन एनीवे’ दाबावे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ अशी चौकट दिसल्यास तेथे खूण केली तरी चालते.

फाइल नाहीशी होणे : हे काम डिफेंडर या विषाणूरोधकाचे. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडावी. तेथे फाइलचे नाव व अडवण्याचे कारण दिसते. खात्री झाल्यावरच ती परत मिळवावी. पुन्हा पुन्हा तसेच घडत असेल तर ‘एक्सक्लूजन्स’मध्ये फक्त त्या फाइलची नोंद करावी. संपूर्ण ‘सी ड्राइव्ह’ किंवा ‘डाउनलोड्स’ कप्पा तेथे घालू नये, कारण सूट दिलेल्या जागेत शिरलेला खरा विषाणूही तपासला जात नाही.

जोडणी न होणे : सॉफ्टवेअर उघडते, पण नेटवर्कने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाशी किंवा यंत्राशी बोलत नाही, अशा वेळी फायरवॉल तपासावी. ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’ येथे त्या सॉफ्टवेअरपुढे ‘प्रायव्हेट’ची खूण करावी. ‘पब्लिक’ची खूण सहसा करू नये.

नोंद साठवली न जाणे : ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ सुरू असल्यास अनोळखी सॉफ्टवेअरला ‘डॉक्युमेंट्स’सारख्या कप्प्यात लिहिता येत नाही. खंडणीखोर विषाणूंपासून फाइली वाचवण्यासाठी ही सोय 2017 साली विंडोज 10 मध्ये आली. ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये जाऊन त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी द्यावी.

सुरक्षा बंद केल्याने काय होते?

डिफेंडरची सततची राखण बंद केली तरी ती थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. मग तीच फाइल पुन्हा अडते. म्हणजे मूळ अडचण सुटत नाही आणि मधल्या वेळेत संगणक उघडा पडतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या विषाणूने जगभरच्या असंख्य संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ती न बसवलेले संगणक सापडले. दूध केंद्राच्या संगणकात सभासदांचे लिटर, फॅट आणि येणे रक्कम असते. ते गेले तर कोणाचे किती पैसे द्यायचे हेच सांगता येणार नाही.

कायमचा उपाय

डिफेंडर चुकत असल्यास सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने फाइल तपासणीसाठी मायक्रोसॉफ्टकडे पाठवावी, तशी सोय आहे. सॉफ्टवेअर खरेदी करतानाच डिजिटल सही असलेली प्रत मागावी. विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात. दररोजच्या नोंदींची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि प्रत घेऊन झाल्यावर तो संगणकातून काढून ठेवावा. लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हवरील फाइलीही विषाणू कुलूपबंद करतो. परवानगी कोणत्या सॉफ्टवेअरला, कोणत्या तारखेला व कोणी दिली, हे केंद्राच्या वहीत लिहून ठेवावे. सॉफ्टवेअर वापरातून गेले की दिलेली परवानगीही काढून घ्यावी.