टर्बो : ताकद आणि तोल

(इंजिनाची ताकद वाढवणे म्हणजे केवळ एक भाग बदलणे नव्हे. वाढलेली ताकद गाडीच्या प्रत्येक भागाला पेलावी लागते. टर्बो कसा चालतो आणि तो मोठा बसवताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

सोलापूरहून तुळजापूरला येताना बालाघाटच्या डोंगरातला घाट लागतो. मालाने भरलेला ट्रक हा घाट चढत असेल, तर त्याच्या घरघरीत एक बारीक शीळही ऐकू येते. ही शीळ टर्बोची असते. ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्याबरोबर आता लहान मोटारींतही टर्बो आला आहे. काही हौशी लोकांना मात्र कंपनीने बसवलेला टर्बो पुरत नाही. "आणखी मोठा टर्बो बसवून द्या," असे ते मेकॅनिकला सांगतात. टर्बो बदलता येतो. पण त्यानंतर गाडी टिकेल का आणि ताब्यात राहील का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी टर्बोचे काम समजून घेऊ.

पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा हवी. इंजिनात पेट्रोल जास्त सोडणे सोपे आहे. हवा जास्त भरणे अवघड आहे. इकडे इंजिनातून बाहेर पडणारा धूर अतिशय गरम आणि वेगवान असतो. त्याची ताकद सायलेंसरमधून फुकट जाते. तिचा उपयोग करून घेण्याची कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरला सुचली. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाके असतात. एक चाक धुराच्या झोताने फिरते. त्यामुळे दुसरेही फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. लहान मोटारीच्या टर्बोची ही चाके मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात!

हवेचा दाब हवा तेवढाच ठेवण्यासाठी टर्बोला एक झडप असते. तिला वेस्टगेट म्हणतात. तुम्ही नळदुर्गचा किल्ला पाहिला असेल. दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळात तेथे बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात जादा पाणी 'नर' आणि 'मादी' या वाटांनी बाहेर कोसळते आणि बांध सुरक्षित राहतो. वेस्टगेटचे कामही असेच आहे. ती जादा धूर चाकाला न लावता दुसऱ्या वाटेने सोडून देते. जादा ताकदीच्या मोहाने ही वाट बंद केली, तर इंजिन फुटायला वेळ लागत नाही.

आता उष्णतेचा विचार करू. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. हवा दाबली की ती तापते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. ही हवा टर्बोने दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर तिचे तापमान सव्वाशे अंशांच्याही पुढे जाऊ शकते. एवढी गरम हवा इंजिनात गेली, तर ठिणगीची ज्वाला पोहोचण्याची वाट न पाहता उरलेले पेट्रोल कुठेतरी आपोआप पेट घेते. इंजिनातून टकटक असा आवाज येतो. याला 'नॉकिंग' म्हणतात. ते चालूच राहिले, तर पिस्टनला भोक पडते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. तो रेडिएटरसारखा दिसतो आणि दाबलेली हवा थंड करतो. टर्बो मोठा केला आणि इंटरकूलर जुनाच ठेवला, तर फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो.

ताकद वाढली तरी ती रस्त्यापर्यंत पोहोचली पाहिजे. बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना मिळते. गाडी वळवण्याचे कामही हीच चाके करतात. गाडी जोरात सुटली की तिचा भार मागे जातो आणि पुढची चाके हलकी होतात. तेव्हा ती जागच्या जागी घसरून फिरतात किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाते. मोठ्या टर्बोत आणखी एक अडचण असते. त्याची चाके जड असल्यामुळे त्यांना वेग घ्यायला वेळ लागतो. चालक पाय दाबतो, क्षणभर काहीच घडत नाही आणि मग एकदम जोर येतो. समोर उसाची ट्रॉली आहे, रस्ता पावसाने ओला आहे आणि असा अवेळी जोर आला, तर काय होईल? विचार करा.

मग गाडीची ताकद नीट वाढवायची कशी? याचे एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यात घडले. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यात फियाट कंपनीची लिनिया टी-जेट ही गाडी तयार होत असे. तिच्या १३६८ घन सेंटिमीटरच्या टर्बो इंजिनाची ताकद सुमारे ११४ अश्वशक्ती होती. २०१५ साली त्याच आकाराचे टी-जेट इंजिन घेऊन अबार्थ पुंटो ही लहान गाडी बाजारात आली. विंचू हे तिचे चिन्ह होते. अशा चपळ आणि ताकदवान हॅचबॅक गाड्यांना हौशी लोक 'हॉट हॅच' म्हणतात. तिची ताकद सुमारे १४५ अश्वशक्ती होती आणि ती पुढच्या चाकांनाच मिळत असे. पण कंपनी केवळ ताकद वाढवून थांबली नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. गाडी जमिनीच्या जवळ आणली आणि तिचे सस्पेन्शन कडक केले. ३१ अश्वशक्ती वाढवताना तिने साऱ्या गाडीचा हिशेब मांडला.

चांगला मेकॅनिकही असाच हिशेब मांडतो. तो आधी जुन्या इंजिनाची तपासणी करतो. प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतो; ऑइल, पाणी आणि प्लग पाहतो. थकलेल्या इंजिनाला मोठा टर्बो बसवणे म्हणजे आजारी माणसाला शर्यतीत पळवणे होय. इंजिन निरोगी असेल, तर तो ब्रेक आणि टायर सुधारतो. नंतर मोठा इंटरकूलर आणि मजबूत क्लच बसवतो. वाढलेल्या हवेला पुरेसे पेट्रोल मिळावे म्हणून पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर बदलतो. टर्बोचा क्रमांक त्यानंतर येतो. तोही सर्वांत मोठा नव्हे, तर इंजिनाला झेपेल एवढाच निवडावा. शेवटी इंजिनाच्या संगणकात पेट्रोल आणि ठिणगी यांचे नवे मोजमाप भरावे लागते. ते साध्या पेट्रोलचा आणि कडक उन्हाळ्याचा अंदाज घेऊन भरावे.

यानंतर रोजची काळजी येते. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. म्हणून ऑइल योग्य प्रतीचे असावे आणि वेळेच्या आधीच बदलावे. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये. एकदोन मिनिटे ते सावकाश चालू ठेवावे. नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. हवेचा फिल्टरही स्वच्छ ठेवावा. आपल्या रस्त्यांवरची धूळ टर्बोच्या नाजूक पात्यांना झिजवते.

येथे कायद्याचीही आठवण ठेवली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मालकाला आपल्या मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच सांगितले. 'एमएच २५' क्रमांकाची असो वा दुसऱ्या जिल्ह्याची, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला हा नियम लागू आहे. असा बदल केलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचे पैसेही अडकू शकतात. म्हणून असले प्रयोग शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच्या गाड्यांसाठी ठेवावेत.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकेल, कोणी गॅरेज चालवेल, तर कोणी इंजिनिअर होईल. एखादा गिऱ्हाईक येऊन म्हणेल, "बाकी काही नको, फक्त टर्बो मोठा करा." तेव्हा त्याला एक साधे गणित सांगा. गाडीचा वेग दुप्पट झाला, की ती थांबवण्यासाठी ब्रेकला चौपट काम करावे लागते. मराठीत म्हण आहे, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत.' तुमच्या उर्दूतही चादर पाहूनच पाय पसरायला सांगतात. गाडीच्या बाबतीतही हेच खरे आहे. ताकद पैशाने विकत मिळते. ती पेलण्याची तयारी मात्र मेहनतीने आणि क्रमाक्रमानेच करावी लागते.

शब्दार्थ
पेलणे – भार सहन करणे, झेपणे
शीळ – शिट्टीसारखा आवाज
झडप – उघडझाप करणारे लहान दार
बांध – पाणी अडवण्यासाठी घातलेली भिंत
अवेळी – नको त्या वेळी
गिऱ्हाईक – ग्राहक, खरेदी करणारा

स्वाध्याय
१. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) इंटरकूलरचे काम कोणते?
(आ) घाट चढून आल्यावर इंजिन लगेच का बंद करू नये?
२. कारणे लिहा.
(अ) लेखकाने वेस्टगेटची तुलना नळदुर्गच्या बांधाशी केली आहे.
(आ) मोठा टर्बो बसवण्याआधी ब्रेक सुधारावे लागतात.
३. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' या म्हणीचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. जवळच्या गॅरेजला भेट द्या आणि तेथे पाहिलेल्या कामाविषयी आठ ओळी लिहा.