जायचं माहेरीच, मग परवानगी कशाला?

सनीव्हेलमधल्या आमच्या शेजारणीच्या चर्चची दहा-बारा मंडळी येत्या हिवाळ्यात नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका गावी सेवाकार्याला निघाली आहेत. "मराठी बोलणारं कुणीतरी हवं, येता का?" असं तिनं विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. ओसीआय कार्ड हाताशी, व्हिसाची कटकट नाही, आणि जायचं तेही माहेरच्या मुलखात!

मग नियम वाचले. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे मिशनरी कामासाठी ओसीआयधारकालाही भारत सरकारची खास परवानगी लागते. बाकीच्या मंडळींसाठी तर मिशनरी व्हिसा हा वेगळाच प्रकार आहे. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही.

हा प्रश्न काही आजचा नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत जायला फर्मावलं होतं. त्यांच्या मिशनचं काम नगरला पोचायला १८३१ उजाडलं.

म्हणून मी शेजारणीला विचारलं, "तिथं आपण नेमकं काय करणार?" शाळेच्या भिंती रंगवणं वेगळं, प्रार्थनासभेत दुभाष्या होणं वेगळं. "दोन्ही," ती म्हणाली. तेव्हा सगळा कार्यक्रम खराखरा लिहून मी सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वकिलातीकडे पाठवला आहे. उत्तर आल्यावरच तिकीट काढीन. टायफॉइडची लस मात्र घेतली. आपण तिथलेच असलो, तरी आजार ओळख दाखवत नाहीत!