गावानं निवडलेली डॉक्टरीण

नाताळ जवळ आला की चर्चच्या तरुण संघाला उसंत नसते. रात्री घरोघर गीतं गात फिरायचं असतं, शब्बाथ शाळेच्या मुलांचं नाटक बसवायचं असतं, चर्चला पताका लावायच्या असतात. त्यातून एक दिवस काढून सरकारी दवाखान्यात फळं वाटायची किंवा उघड्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं द्यायची. उन्हाळ्यात शिबिर, पावसाळ्यात झाडं, मध्येच कधी रक्तदान. तरुणांनी प्रार्थनेबरोबर कामही करावं, ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी १८८१ साली ‘ख्रिश्चन एंडेव्हर’ नावाचा तरुणांचा संघ काढला आणि मिशनांच्या वाटेनं तसले संघ जगभर पोचले. अमेरिकन मराठी मिशननं त्याच्या कितीतरी आधी, १८३१ मध्ये, अहमदनगरला ठाणं मांडलं होतं. शाळा, दवाखाना आणि चर्च ही तिन्ही एकाच आवारात पाहत नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या.

वाटपाला मात्र एक मर्यादा असते, आणि ती वाटणाऱ्यालाही ठाऊक असते. ब्लँकेट एका हिवाळ्यापुरतं पुरतं. पुढच्या वर्षी तोच माणूस त्याच जागी भेटतो.

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ, निलंगा, औसा या भागाला वाटप म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीची जमीन हादरली. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी घरं झोपलेल्यांच्या अंगावरच बसली. सरकारी आकड्यानुसार सुमारे ८ हजार माणसं गेली. पुढचे कित्येक दिवस राज्यभरातून ट्रक येत राहिले. संस्था आल्या, कॉलेजची पोरं आली, देवळांची आणि चर्चची माणसं आली. ती मदत हवीच होती. पण ट्रक परत गेले की गावात काय उरतं, हा प्रश्न त्या भूकंपानं अनेकांपुढे टाकला.

या प्रश्नाचं एक उत्तर बालाघाटाच्या डोंगररांगेत, लातूरच्या पश्चिमेला, त्याआधी वीस-बावीस वर्षांपासून घडत होतं. गावाचं नाव जामखेड. नगर जिल्ह्याच्या अगदी कोपऱ्यात, बीड, धाराशिव आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमांना लागून असलेला हा कोरडवाहू तालुका. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग.

नवरा-बायकोचं व्रत

जामखेडचं काम उभं केलं ते रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं. रजनीकांत नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, शिक्षकाच्या घरातले. मेबल जबलपूरच्या; त्यांचे वडील तिथल्या ईश्वरविद्या महाविद्यालयात प्राध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघांची गाठ पडली. १९६० मध्ये लग्न झालं त्याच दिवशी दोघांनी ठरवलं की डॉक्टरकी करायची ती खेड्यात आणि सर्वांत मागे राहिलेल्यांसाठी.

पहिली काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात गेली. दवाखाना जोरात चालला. पण बरे होऊन गेलेले रुग्ण थोड्या दिवसांनी त्याच तक्रारी घेऊन परत येत. जुलाबानं सुकलेलं मूल सलाइन लावून घरी पाठवावं, तर ते पुन्हा त्याच विहिरीचं पाणी प्यायचं. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते आणि त्यांची मुळं दवाखान्याच्या बाहेर होती. ही गोष्ट नीट समजून घ्यायला आरोळे दांपत्य अमेरिकेत गेलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना तिथल्या प्रा. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली दोघांनी जामखेडच्या कामाचा आराखडा मांडला.

१९७० साली दोघं जामखेडला आले. गावकऱ्यांनी जागा दिली ती जनावरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याची. तिथं ‘सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू झाला.

आधी खेळ, मग आरोग्य

आरोग्याच्या सभेला गाव जमत नाही, हे लवकरच कळलं. जमले तरी पुढारी पुढे बसत, दलित वस्तीतले लोक दाराबाहेर उभे राहत, बायका तर येतच नसत. मग डॉक्टर गावोगाव व्हॉलीबॉल घेऊन जायला लागले. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना कोणत्या जातीची पोरं उभी आहेत हे पाहायला खेळात वेळ मिळत नाही. चेंडू आला की तो उडवायचा. खेळ संपला की तिथंच बसून पाण्याचं, पिकाचं, रोगराईचं बोलणं निघे. याच पोरांतून तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली. पुढे हीच मंडळं घरोघर पाहणी करू लागली, मुलांची वजनं घेऊ लागली, माळावर झाडं लावू लागली आणि बांधबंदिस्तीची कामं हातात घेऊ लागली.

तरुण संघ म्हणावा अशी ही जामखेडची पहिली फळी. तिला चर्चचा उंबरा नव्हता. उभं करणारे ख्रिस्ती होते, पण मंडळातले तरुण मराठा, धनगर, दलित, मुसलमान, गावात जे जे होते ते सगळे. धर्मांतर हा संस्थेचा हेतू नव्हता.

तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ आला. महाराष्ट्रात त्या वर्षाची आठवण अजून निघते: मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं आणि आटलेल्या विहिरी. जामखेड भागात विंधनविहिरी घेण्याचं काम निघालं आणि बोअर कुठं मारायचा हा प्रश्न आला. आरोळे यांनी अनेक गावांत बोअरची जागा दलित वस्तीत धरली. पाणी लागलं, हातपंप बसला. ज्यांच्या विहिरीला दलितांनी हात लावायचा नसे, तेच आता घागरी घेऊन दलित वस्तीतल्या रांगेत उभे राहिले. अस्पृश्यतेवर एक भाषणही न देता पाण्यानं बरंच काम करून टाकलं. अर्थात एका हातपंपानं जात संपत नाही. पण रोज सकाळी एका रांगेत उभं राहायची सवय लागली.

निरक्षर शिष्या

खरा पेच पुढे होता. गावागावांत प्रशिक्षित नर्स नेमायची अशी मूळ योजना होती. पण शिकलेल्या मुली एकट्या खेड्यात राहायला तयार नसत, आणि गावालाही बाहेरून आलेली पोरसवदा बाई बाळंतपणासारख्या गोष्टीत आपली वाटत नसे. तेव्हा वाट बदलली. गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची, आणि शिकवायचं तिला.

निवडून आलेल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या. अनेक दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही विधवा. चर्चच्या एखाद्या मंडळानं गरजूंची यादी केली असती तर यांची नावं त्या यादीत वरच्या जागी आली असती. जामखेडनं त्यांनाच गावाची आरोग्यसेविका केलं.

दर आठवड्याला या बायका जामखेडला मुक्कामी येत. एकत्र स्वयंपाक, एका पंगतीत जेवण, रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोप. सोवळंओवळं मोडण्याचं शिक्षण असं अभ्यासक्रमाबाहेर उरकत गेलं. अभ्यासाला पुस्तकाऐवजी चित्रं, गाणी, नाटुकली आणि एकमेकींचे अनुभव. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळ कसं आहे ते कसं ओळखायचं, नाळ कापायचं ब्लेड स्वच्छ कसं ठेवायचं, अंगावरचा चट्टा कुष्ठरोगाचा आहे का, खोकला किती दिवसांचा झाला की क्षयाची शंका घ्यायची. गावी परत गेली की प्रत्येक सेविका शिकलेलं गावातल्या इतर बायकांना सांगे, आणि पुढच्या आठवड्यात येताना नवे प्रश्न घेऊन येई. सेवेचा पगार म्हणावा असा नव्हता. म्हणून शेळ्या, बांगड्या, सुकट असा छोटा धंदा करायला तिला कर्जाऊ मदत मिळे. पोटासाठी ती ना गावावर अवलंबून राहिली, ना संस्थेवर.

कुष्ठरुग्णांसाठी वेगळा दवाखाना काढायचा नाही, असं जामखेडनं ठरवलं होतं. ताप-खोकल्याच्या रुग्णांशेजारीच त्यांना बसवून औषध मिळे. सेविका आपल्या गावात त्यांच्या घरी चहा घेई आणि इतर बायका ते पाहत.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला, आणि शतक संपता संपता पंचविशीच्या घरात. याच काळात महिला मंडळं उभी राहिली. दारूबंदी, बचत, मुलींची शाळा, हे विषय आरोग्यसेविकेच्या मागोमाग मंडळात शिरले.

जगाच्या नकाशावर

चर्चच्या जगात या कामाची दखल लवकर घेतली गेली. जागतिक चर्च परिषदेनं १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापलेलं ख्रिश्चन मेडिकल कमिशन त्या सुमारास एका अडचणीच्या प्रश्नाशी झगडत होतं: मिशनांची मोठाली हॉस्पिटलं आजूबाजूच्या गरिबांपर्यंत का पोचत नाहीत? जामखेड हे त्या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर ठरलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ‘लोकांनी घडवलेलं आरोग्य’ या सूत्रावर केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेलं पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं. १९७८ च्या आल्माआटा परिषदेत ‘प्राथमिक आरोग्य सेवा’ ही कल्पना जगानं स्वीकारली, तिच्यामागे अशाच मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविका वॉशिंग्टनला जाऊन आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलून आल्या. मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले. नंतर त्यांची मुलं, डॉ. शोभा आणि रवी, यांनी धुरा घेतली.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या कोणत्याही गावात आज आशाताई भेटते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमायचं ठरलं. गावातलीच बाई, घरोघर फिरणारी, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी, ही कल्पना जामखेडसारख्या प्रयोगांतून सरकारी कागदावर आली. पण वाटेत काही गोष्टी गळल्या. आशाला शिक्षणाची अट आली, त्यामुळे निरक्षर विधवा पहिल्या पायरीलाच बाद झाली. मोबदला कामाच्या नगावर ठरला. नोंदवह्या आणि ॲप वाढत गेले, आणि हिशेब गावाऐवजी आरोग्य खात्याला द्यायचा झाला. महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं. जामखेडच्या सेविकेलाही पैसा बेताचाच होता, पण तिच्या पाठीशी व्हॉलीबॉल खेळून तयार झालेलं तरुणांचं मंडळ होतं आणि बायकांचं मंडळ होतं. सरकारनं सेविका उचलली. तिच्या भोवतीची मंडळं मात्र जिथं होती तिथंच राहिली.

जामखेडमध्येही काळ तोच राहिलेला नाही. रस्ते झाले, खाजगी डॉक्टर आले, गोवर आणि धनुर्वात मागे पडले. आता गावात मधुमेह, रक्तदाब, मनाचे आजार आणि घरातली मारझोड हे विषय आहेत. किशोरवयीन मुलींचे गट चालतात. तिथं पाळी, रक्तक्षय, लवकर लग्न यांवर उघड बोललं जातं. संस्थेच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय तयार होतात, आणि खडकतच्या शेतावर कोरडवाहू शेतीचे प्रयोग होतात.

बाहेरच्यांना शिकवण्यासाठी १९९० च्या दशकात संस्थेनं प्रशिक्षण केंद्र काढलं. देशोदेशीचे डॉक्टर, नर्सा, विद्यार्थी आणि चर्चचे कार्यकर्ते तिथं येतात. पाहुण्यांना आरोग्याचे धडे देणाऱ्यांत गावच्या आरोग्यसेविका असतात. त्यांतल्या काहींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नसतं. समोर बसलेले पदवीधर वह्या उघडून लिहून घेतात. मध्येच एखादा विचारतो, तुमच्या गावात सुरुवात कशी केली. बाई सांगायला लागते ती घरापासून: सासू काय म्हणाली, पहिल्या बाळंतपणाला कुणी बोलावलं, आणि कुणी दार लावून घेतलं.