वेठ आणि स्वयंसेवा : वयोवृद्धांना हाक देताना

आपल्या चळवळीची भाषा नेहमी तरुणांना उद्देशून असते. 'तरुणांनो, पुढे या' असे आपण व्यासपीठावरून म्हणतो आणि त्याच व्यासपीठावर बसलेल्या वृद्धांच्या गळ्यात हार घालून त्यांना मोकळे करतो. साठी उलटली की माणसाजवळ समाजाला देण्यासारखे फक्त आशीर्वादच उरतात, अशी आपली समजूत झालेली दिसते. ही समजूत तपासावी आणि वयोवृद्धांना सामाजिक कामात कसे आणता येईल याचा तपशिलाने विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न मला दिसला तो मालवण तालुक्यातील आचरा या माझ्या गावात. आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. ठरावीक वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की माणसे गुराढोरांसह वेशीबाहेर राहायला जातात आणि तीन दिवस गाव रिकामा पडतो. ही पळण तीन दिवसांची असते. पोटासाठी मुंबईकडे होणारी पळण मात्र उभ्या आयुष्याची असते. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. जन्म कमी झाले हे त्याचे एक कारण, आणि कर्ती माणसे बाहेर गेली हे दुसरे. आमच्या बौद्धवाडीत वर्षभर जे राहतात त्यांत म्हातारी माणसेच अधिक. कुणी गिरणीतून, कुणी गोदीतून, कुणी महापालिकेतून निवृत्त होऊन परतलेली. कुणी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली. तेव्हा वाडीत काही उभे करायचे तर ते यांच्याशिवाय होणार नाही.

आपण त्यांना बोलावले की ते येतात का? बहुधा येत नाहीत. 'म्हातारे उदासीन झाले आहेत' असा निष्कर्ष आपण सुशिक्षित मंडळी लगेच काढतो. माझ्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पुस्तकातला 'स्वयंसेवा' हा शब्द मी वाडीत नेला, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या एका आज्यांनी मला विचारले, "फुकट राबान जल्म गेलो. आता परत फुकट खयचा काम सांगतस?"

या प्रश्नात इतिहास आहे. गावकीची कामे महाराच्या जन्मालाच चिकटलेली होती. दवंडी पिटणे, सरकारी टपाल पोहोचवणे, साहेबाचे सामान वाहणे, मयताची खबर घेऊन परगावी धावणे, मेलेले जनावर ओढणे, यांत मोबदला नावापुरता आणि नकाराला जागा नव्हती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडले ते १९ मार्च १९२८ रोजी. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. महार वतने मात्र १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. म्हणजे आज जे ऐंशीच्या पुढे आहेत त्यांनी आपल्या आईबापांची वेठ डोळ्यांनी पाहिलेली आहे. अशा माणसाला 'सेवा' हा शब्द गोड वाटेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्यांच्या पूर्वजांनी कधी कुणाची वेठ केली नाही, त्यांना सेवा हे पुण्य वाटते. आमच्या म्हाताऱ्यांना त्या शब्दाला जुन्या हुकमाचा वास येतो.

म्हणून पहिले काम आहे वेठ आणि स्वयंसेवा यांतील भेद स्पष्ट करण्याचे. पैसे मिळतात की नाही, एवढ्यावर हा भेद ठरत नाही. ज्या कामाला नाही म्हणता येते, जे काम ठरवताना आपलाही शब्द असतो, ज्याचे फळ आपल्या माणसांना मिळते आणि जे केल्याने आपली मान ताठ होते, ते काम स्वयंसेवेचे. यांतील एक अट जरी गळाली तरी स्वयंसेवा वेठीकडे झुकू लागते. ही कसोटी कार्यकर्त्यांनी स्वतःच्या संघटनेलाही लावून पाहावी. सभेच्या दिवशी सतरंज्या घालायला म्हातारे आणि ठराव मांडायला पदवीधर, ही वाटणी कुठल्या व्यवस्थेची आहे?

वयोवृद्धांची स्वयंसेवा आपल्याला नवीन नाही. आपल्या चळवळीचा पायाच एका पेन्शनराने घातला. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. दापोलीत तेव्हा निवृत्त सैनिकांची वस्ती होती. वलंगकरांनी तेथे 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' उभी केली, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले आणि वृत्तपत्रांतून अस्पृश्यतेवर लेखणी चालवली. निवृत्तीने त्यांना वेळ दिला, पेन्शनीने पोटाची चिंता कमी केली आणि पलटणीने अक्षर व शिस्त दिली होती. या तिन्ही गोष्टी त्यांनी समाजाच्या कामी लावल्या. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते.

आज वाडीवर कोणते काम आहे? काही उदाहरणे देते.

पहिले, जातीच्या दाखल्याचे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. मुंबईत जन्मलेल्या मुलाला आपले पणजोबा गावच्या शाळेत कोणत्या नावाने नोंदले गेले हे ठाऊक नसते. कुठे 'नाक' लावलेले जुने नाव, कुठे पुढे घेतलेले आडनाव. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे वेगळी. हा गुंता सोडवणारी माहिती कुठल्याही कचेरीत एकत्र मिळत नाही. ती आज्यांच्या डोक्यात असते. त्यांनी सांगावे, कॉलेजच्या मुलाने वंशावळ लिहून घ्यावी, मग शाळेचे जुने रजिस्टर कुठे शोधायचे ते कळते. एका दाखल्यावर एका मुलीचा प्रवेश अडलेला असतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

दुसरे, अर्जांचे. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरताना निरक्षर विधवा तहसील कचेरीत एकटी पडते. कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस तिच्याबरोबर मालवणला गेला, तर तिचे खेटे आणि दलालाचा खर्च वाचतो.

तिसरे, अक्षराचे. केंद्राचा 'उल्लास' साक्षरता कार्यक्रम (२०२२ ते २०२७) पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असून तो स्वयंसेवकांवरच चालतो. साठीच्या बाईला विशीतल्या पोरासमोर पाटी धरायला लाज वाटते. समवयस्क बाईसमोर ती तेवढी वाटत नाही.

आता बोलवायचे कसे? सभेत आवाहन करून माणसे येत नाहीत. घरी जावे, नाव घेऊन विचारावे आणि नेमके काम सांगावे : 'काका, दर मंगळवारी दोन तास, एवढ्या तीन मुलांची वंशावळ.' एसटीचे भाडे संघटनेने द्यावे. भाडे देणे हा उपकार नाही. दृष्टी, गुडघे आणि पावसाळा लक्षात घेऊन काम वाडीतच ठेवावे. नको म्हणायची मोकळीक पहिल्याच दिवशी सांगावी. आजीला बोलावताना आधी तिच्या डोक्यावरचे ओझे पाहावे. नातवंडे, चूल, लाकूडफाटा हे सगळे ती आजही फुकटच करते. त्यातले काही घरातल्या पुरुषांनी उचलल्याशिवाय तिची स्वयंसेवा म्हणजे तिच्यावर तिसरी पाळी होईल.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 'एक्स्पीरियन्स कोअर' या उपक्रमात साठीपुढील माणसे सरकारी शाळांतील मुलांना वाचायला शिकवायची. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया बहुसंख्य होत्या. आठवड्याला पंधरा तास काम, आधी प्रशिक्षण आणि खर्चापुरते मानधन, अशी त्याची बांधणी होती. काम करणाऱ्यांची शारीरिक हालचाल वाढल्याचेही अभ्यासकांना आढळले. गुलामीचा इतिहास असलेल्या समाजातील या स्त्रिया आल्या, त्या कामाला प्रतिष्ठा आणि त्यांच्या वेळेला किंमत होती म्हणून, असे मला वाटते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. शासन जिथे पगारी शिक्षक, आरोग्यसेविका किंवा लिपिक नेमायला टाळाटाळ करते, तिथली पोकळी आपल्या म्हाताऱ्यांच्या फुकट श्रमाने भरू नये. तसे झाले तर वतन नव्या नावाने परत येईल आणि आपल्याच मुलांच्या नोकऱ्या जातील. स्वयंसेवकाने अर्ज भरून द्यावा, आणि तो अर्ज महिनोन्महिने का पडून आहे हेही कचेरीत विचारावे. पेन्शनराला बदलीची भीती नसते. प्रश्न विचारायला त्याच्याइतका मोकळा माणूस वाडीत दुसरा नाही.

आज्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला शब्दांनी देता येणार नाही. काम कोणाचे, ठरवले कोणी आणि नकार दिला तर काय होईल, या तीन गोष्टींचे सरळ उत्तर ज्या संघटनेजवळ असेल, तिनेच त्यांच्या दारात जावे. मात्र लवकर जावे. १९५० पूर्वीचा गाव सांगू शकणारी माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.