बी. फार्म. नंतर दुकान की संशोधन?

मुलगा बी. फार्म. झाला की घरात पहिली चर्चा मेडिकल दुकानाची निघते. गाळा कुठे घ्यायचा, डिपॉझिट किती, उधारी किती सोडायची, हे व्यापारी माणसाला सांगावे लागत नाही. पण मुलाने किंवा मुलीने "मला फार्माकॉलॉजीत एम. फार्म. करायचे आहे" म्हटले की बापाला हिशेब लागत नाही. तो हिशेब येथे मांडत आहोत.

विषय काय आहे?

औषध शरीरात जाऊन काय करते, किती मात्रेत गुण देते, किती मात्रेत अपाय करते, याचे शास्त्र म्हणजे फार्माकॉलॉजी. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे जुन्या काळापासून औषधात आहे. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधन करणाऱ्या सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये या मुळीतून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' नाव दिले. पुढे ते हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर वापरले गेले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये याच मुळीचा उच्च रक्तदाबावरील गुण रुग्णांच्या नोंदींसह जगापुढे मांडला. माल जुनाच होता, मोजमाप झाले तेव्हा त्याची किंमत कळली.

खर्च आणि जमा

एम. फार्म. २ वर्षांचे असते. बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षात जीपॅट परीक्षा देता येते. जीपॅट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन आहे. २४ महिन्यांचे २,९७,६०० रुपये होतात. जीपॅटशिवाय प्रवेश घेतल्यास सगळा भार घरावर पडतो. म्हणून आधी जीपॅट, मग फीची बोलणी.

पुढे पीएच. डी.ला किमान ३ वर्षे लागतात. नेटमधून जेआरएफ मिळाल्यास पहिली २ वर्षे दरमहा ३७,००० व नंतर ४२,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तिच्या भरवशावर बेत आखू नये.

माल पारखून घ्या

प्रवेशापूर्वी कॉलेजात स्वतः जाऊन यावे. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नोंदणीकृत प्राणिगृह आहे का? नीतिसमितीची मंजुरी किती दिवसांत मिळते? दुसरे वर्ष मुख्यतः प्रबंधाचे असते, मंजुरी लांबली की वर्ष हातचे जाते. मार्गदर्शक कायम नोकरीत आहेत का? मागील तुकडीची मुले कुठे लागली? उत्तरे गोलमोल आली तर दुसरे कॉलेज पाहावे.

कोणी करावे?

दुकानच चालवायचे असेल तर एम. फार्म.ची गरज नाही. नोंदणीकृत फार्मासिस्ट होण्यास डी. फार्म. पुरते. मात्र कॉलेजात शिकवणे, कंपनीत नव्या औषधाची सुरक्षितता तपासणे, रुग्णांवरील चाचण्या किंवा दुष्परिणामांच्या नोंदी सांभाळणे यात मन असेल, तर ही २ वर्षे भांडवल समजावीत. गाळा पुढेही मिळेल, शिकायचे वय परत मिळत नाही. निर्णय घेण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला समोर बसवून एवढे तरी विचारावे: तुला काय शोधायचे आहे?