टायरचे वजन आणि खिशाचे वजन
(बी. कॉम. भाग २)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने टायरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण या विषयाकडे मी पुस्तकातून वळलो नाही, खिशाला बसलेल्या चटक्यातून वळलो. तो चटका इतरांना बसू नये, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

आमचे गाव निपाणीजवळचे. घरात शंभर सीसीची एक मोटारसायकल. पहाटे आप्पा तिच्यावर दुधाचे दोन कॅन लावून डेअरीला जातात आणि ते आले की मी तीच गाडी घेऊन कॉलेजला येतो. गेल्या वर्षी मागचा टायर गुळगुळीत झाला. सुट्टीत एका दुकानाची खतावणी लिहून मी थोडे पैसे मिळवले होते. मित्रांच्या गाड्यांचे रुंद टायर पाहून मलाही मोह झाला. आप्पा म्हणाले, "हाय तसलाच घाल की." मी ऐकले नाही. मापाचा टायर न घेता अकराशे रुपये जादा मोजून रुंद टायर बसवला. गाडी रुबाबदार दिसू लागली, यात शंका नाही.

पंधरा दिवसांनी आप्पा एवढेच म्हणाले, "गाडी जड झालीया बघ. चढाला ओढंना." मी पेट्रोलचा हिशेब मांडला. पूर्वी लिटरला ६२ किलोमीटर जाणारी गाडी ५४ वर आली होती. दोघांची मिळून महिन्याची धाव १२०० किलोमीटर. म्हणजे महिन्याला जवळजवळ तीन लिटर पेट्रोल जादा. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाचे ३४०० रुपये होतात. दुधाचा भाव चाळीस रुपये धरला तर ८५ लिटर दूध नुसत्या रुबाबापायी रस्त्यावर सांडले म्हणायचे!

मित्र म्हणाले, "टायर जड आहे ना, त्याचा परिणाम. चाकातला एक किलो म्हणजे गाडीवरचे दहा किलो." हे खरे की खोटे, ते तपासावे असे मनात आले. बसवण्यापूर्वी गंमत म्हणून मी दोन्ही नवे टायर दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिले होते. मापाचा टायर ३ किलो ४०० ग्रॅम आणि रुंद टायर ४ किलो ९०० ग्रॅम. फरक दीड किलोचा.

आता थोडे शास्त्र. घरातले जाते आठवा. ते सुरू करताना जोर लागतो, एकदा फिरू लागले की हात हलका होतो. चाकाचेही तसेच. गाडीवर ठेवलेले ओझे फक्त पुढे जाते, पण टायरचे रबर पुढेही जाते आणि गोलही फिरते. म्हणून त्याला वेग देण्यासाठी दोन कामांची शक्ती लागते. चाकाच्या अगदी कडेला असलेल्या वजनाच्या बाबतीत ही दोन्ही कामे सारखी भरतात. म्हणजेच वेग घेताना टायरमधला एक किलो हा गाडीवरच्या दोन किलोंबरोबर होतो. दहा किलोंबरोबर नव्हे! ब्रेक लावतानाही हाच हिशेब.

तेव्हा माझा दीड किलो जास्तीत जास्त तीन किलोंचा. गाडी आणि मी मिळून वजन सुमारे १८० किलो. तीन किलो म्हणजे शेकडा दोनसुद्धा नाही. शिवाय एकसारख्या वेगाने जाताना हा दुप्पट भारही राहत नाही आणि तवंदीचा घाट संथ चढताना दीड किलो हा दीड किलोच असतो. आप्पांच्या दोन कॅनचे वजन भरल्यावर पन्नास किलो होते. म्हणजे खरा चोर केवळ वजन नव्हता.

मग चोर कोण? ते एकटे नव्हते, टोळी होती.

पहिला चोर रबर. रबरी चेंडू हातातून सोडला तर तो पहिल्याइतका उंच उडत नाही. दबताना घेतलेली शक्ती तो पूर्ण परत देत नाही, थोडी उष्णतेत जाते. टायर प्रत्येक फेऱ्यात जमिनीशी असाच दबतो. रबर जाड, ठोकळे खोल आणि हवा कमी असेल तर ही गळती वाढते. जड टायर पेट्रोल खातो असे दिसते, त्याचे मोठे कारण वजन नसून वजन वाढवणारे हे जाड रबर असते.

दुसरा चोर उंची. जुने माप ८०/१००-१८. म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेकडा १००, आणि रिम १८ इंचांची. नवे माप १००/९०-१८. हिशेब केला तर टायरचा व्यास ६१७ वरून ६३७ मिलिमीटरवर गेला, म्हणजे शेकडा तीनने वाढला. गिअर तेवढा उंच झाला. आप्पांना चढाला गाडी 'ओढंना' झाली ती यामुळे.

तिसरा चोर घर्षण. रुंद टायर चेनच्या कव्हरला हळूच घासत होता. अरुंद रिमवर बसल्याने तो दोन्हीकडून आवळलाही गेला होता. त्यामुळे रुंदीच्या मानाने जमिनीवर पकड वाढलीच नाही.

चौथ्या चोराने मला एक शब्दही शिकवला. आमच्याकडे कन्नडमध्ये चाकाला 'गाली' म्हणतात आणि वाऱ्याला, हवेला 'गाळी'. ल आणि ळ एवढाच फरक! पंक्चरवाले काका विचारतात, "गाळी एष्टु हाकलि?" हवा किती भरू? मऊ बसावे म्हणून मी कमीच सांगत असे. हवा नीट भरल्यावर गाडी ५४ वरून ५६ वर आली. गालीचे सारे सुख गाळीवर अवलंबून, हे त्या दिवशी पटले. १८८७ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची रबरी नळी बसवली, त्यात हेच मर्म होते. जुनी माणसे टायरच्या बैलगाडीला 'डनलॉप गाडी' म्हणतात ते त्याच नावावरून. लाकडी चाकाची लोखंडी धाव मऊ रानात रुतते, हवेचा रुंद टायर रुतत नाही. म्हणून त्याच बैलांना जास्त ऊस ओढता येतो. तिथे रुंदी शोभेची नाही, कामाची आहे.

मग वजनाला काहीच अर्थ नाही का? आहे. बाजारपेठेत पावलोपावली थांबत जाताना जड चाक जाणवते. खड्ड्यांतही जाणवते. चाक हे स्प्रिंगच्या खालचे वजन. ते खड्ड्याने उडाले की त्याला पुन्हा रस्त्यावर टेकवण्याचे काम स्प्रिंगचे. जड चाकाला टेकवायला स्प्रिंगला अधिक कष्ट पडतात, आणि चाक हवेत असेल तोवर ना पकड, ना ब्रेक. उलट, ज्याची वाट बाभळीच्या काट्यांतून आणि उसाच्या फडातून जाते त्याने थोडा जड, जाड टायर घेतला तर ते शहाणपणच. काटा लवकर आत शिरत नाही आणि रबर अधिक दिवस पुरते. आम्ही हिशेबात 'घसारा' लिहितो. टायरचा घसारा तर डोळ्यांना दिसतो! जाड रबर हे भांडवल, पेट्रोल हा चालू खर्च. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.

टायर घेताना क्रम असा ठेवावा. आधी गाडीच्या कंपनीने सांगितलेले माप. मग भाराचा आकडा. आमच्या मागच्या टायरवर ५४पी आहे. ५४ म्हणजे २१२ किलो भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगाची मर्यादा. गाडी, आप्पा आणि दूध मिळून २३० किलो. त्यातले शेकडा ७० मागच्या चाकावर धरले तरी १६१. म्हणजे मापाचाच टायर पुरेसा होता. त्यानंतर तयार झाल्याची तारीख. चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मग आपल्या रस्त्याला शोभणारी नक्षी. हे सारे सारखे असलेल्या दोन टायरांत मग खुशाल वजन करावे आणि डांबरी रस्त्यासाठी हलका निवडावा.

शेवटी मी रुंद टायर तोट्यात विकला आणि मापाचा बसवला. गाडी ६१ वर आली. आप्पा काही बोलले नाहीत. पहाटे कॅन लावून निघाले आणि चढावर गिअर न बदलता गेले, ते मी अंगणातून ऐकले.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. वाचकहो, त्याच चालीवर म्हणतो: रिम पाहून टायर घ्यावा.